फळ्यावरचे हृदय

दहावीच्या वर्गात फळ्यावर हृदयाचे चार कप्पे काढताना मी हार्वेचे नाव घेतो. त्याचा ग्रंथ १६२८ चा. मग इब्न अल्-नफीस यांचेही घेतो. दमास्कसला वैद्यक शिकून कैरोत नावाजलेल्या या हकिमाने १२४२ मध्ये लिहिले की, हृदयाच्या मधल्या पडद्याला छिद्रे नाहीत. उजवीकडचे रक्त फुप्फुसांतूनच डावीकडे येते. गेलेन आणि खुद्द इब्न सीना यांना खोडून काढणारे हे मत! १९२४ च्या सुमारास बर्लिनच्या ग्रंथालयातील हस्तलिखितातून एका इजिप्शियन डॉक्टराने ते उजेडात आणले.

“म्हणजे हार्वे दुसरा?” मुले खुशीत विचारतात. नाही. साऱ्या शरीरातले अभिसरण प्रयोगाने, मोजमापाने दाखवले ते हार्वेनेच. काही चेहरे उतरतात. मग मी विचारतो, “पडद्याला छिद्र नाही, हे तुम्ही कसे तपासाल?”