बांधावरचा निवडुंग आणि एका चुकीच्या किड्याची गोष्ट

निवडुंगाची लाल बोंडं खाऊन तुम्ही कधी जीभ रंगवली असेल, तर हा लेख तुमच्यासाठीच आहे. रिसोडकडे नमुने गोळा करताना एका बांधावर आजोबांना मी विचारलं, हा फड्या कोणी लावला? ते म्हणाले, "कोणी नाही लावला. हा तं आमच्या आज्याच्या आधीपासून हाय."

आज्याच्या आधीपासून असेलही, पण फड्या मूळचा इथला नाही. तो अमेरिका खंडातला आणि युरोपीय जहाजांबरोबर भारतात आला. आपल्याकडे निवडुंग म्हणजे आधी चीक असलेला, तीनधारी, साबर वगैरे. पाहुण्याला आपण त्याच घरातलं नाव देऊन टाकलं. वनस्पतिशास्त्रात मात्र दोघांची कुळं पूर्ण वेगळी आहेत.

आता 1795 सालात जाऊ. किरमिजी रंग तेव्हा सोन्यासारखा विकला जाई. तो निवडुंगावर जगणाऱ्या कोचिनील किड्यापासून मिळतो आणि त्या व्यापारावर स्पेनची पकड होती. ईस्ट इंडिया कंपनीला हा किडा हवाच होता. कॅप्टन नीलसन याने रिओ दि जानेरोहून किडे कलकत्त्याला आणले, पण नेमके चुकीचे! ते रंगाच्या उत्तम जातीचे नव्हते, तिच्या हलक्या भावंडाचे होते. रंगाचा धंदा बसला. किड्यांनी मात्र उत्तर आणि मध्य भारतातला 'मोनॅकँथा' जातीचा निवडुंग फस्त केला. मग 1836 ते 1838 मध्ये तोच किडा मुद्दाम दक्षिणेत नेला. किड्याकडून तण संपवण्याचं जगातलं पहिलं यशस्वी उदाहरण म्हणून हीच घटना सांगितली जाते.

पण 'डिलेनी' नावाच्या पिवळ्या काट्यांच्या निवडुंगाला त्या किड्याने तोंडही लावलं नाही. त्यासाठी 1926 मध्ये श्रीलंकेतून दुसरा कोचिनील आणावा लागला. त्याने पाच-सहा वर्षांत दक्षिण भारतातलं हजारो हेक्टर रान मोकळं केलं. आपल्याला दोन्ही निवडुंगच, पण किड्याला दोन वेगळी ताटं.

इथे माझा विषय सुरू होतो. निवडुंगात गुणसूत्रांची मूळ संख्या 11. बाकी आकडे तिच्या पटीत येतात: 22, 44, 66, 88. आपल्याकडच्या तपकिरी काट्यांच्या 'इलॅटियर'च्या नोंदी 22 च्या आहेत. 'डिलेनी'त बहुधा 44 सापडतात, पण 22 आणि 66 च्या नोंदीही आहेत. फळांसाठी, चाऱ्यासाठी जगभर लावतात त्या 'फिकस-इंडिका'त 88.

हा फरक टिकतो कसा? ज्याला आपण पान म्हणतो ते खरं तर खोड. ते तुटून पडलं की मूळ धरतं, म्हणजे आईचीच हुबेहूब नक्कल. आजोबांच्या बांधावरचं कुंपण असंच तुकड्यातुकड्यांनी वाढलं असेल, तर त्यातली गुणसूत्रंही आज्याच्या आधीचीच.

मोजणी तशी साधी. फड्याला मुळं फुटू द्यायची, टोकं कापून अल्कोहोल आणि ॲसिटिक आम्लात ठेवायची, रंग द्यायचा, काचेखाली दाबून पाहायची. यातला एक जुना रंग ॲसिटोकार्मिन. त्यातलं कार्मिन कोचिनीलपासूनच येतं! म्हणजे निवडुंगाची गुणसूत्रं दिसतात ती निवडुंग खाणाऱ्या किड्याच्या रंगात. आपला 'किरमिजी' आणि हा 'कार्मिन' हे शब्दही एकाच मुळाचे.

"मोजून काय मिळणार?" हा प्रश्न मला घरीही विचारतात. किडा गुणसूत्रं मोजत नाही, हे खरं. नुसत्या आकड्यावरून जात ठरत नाही, हेही खरं, कारण दोन जातींत 44 असू शकतात. पण काटे, फुलं, बोंडं यांच्या जोडीला आकडा असला की कोण कोणाचा, हे बरंच उलगडतं.

आणि आज ते उलगडणं गरजेचं आहे. दुष्काळी भागात चाऱ्यासाठी बिनकाट्यांचा निवडुंग लावायचे प्रयत्न चालू आहेत. बाएफसारखी संस्था त्यात आहे. पण 1926 मध्ये आपण ज्या किड्याचं स्वागत केलं, त्याच जातीच्या किड्याने 2014 पासून मोरोक्कोतल्या निवडुंगाच्या बागा उद्ध्वस्त केल्या. तो आपल्याकडे आधीच आहे. कोणता निवडुंग त्याला बळी पडतो आणि कोणता तग धरतो, हे शोधायला तऱ्हेतऱ्हेचे नमुने लागतील. ते बांधावर आहेत, आणि बांध जेसीबीने सपाट होताहेत.

1795 ची चूक साधी होती. किडा कोणता, झाड कोणतं, हे न ओळखताच काम सुरू केलं. तेव्हा पुढच्या वेळी बांध साफ करताना फड्याचा एक तुकडा कोपऱ्यात टाकून ठेवा. पाणी घालायची गरज नाही, तो जगेल.