संगणक अवचित बंद पडणे : कारणशोध

डेस्कटॉप संगणक चालू कामात मध्येच थिजणे, निळा पडदा येऊन रीस्टार्ट होणे किंवा कोणताही संदेश न देता एकदम बंद होणे, आणि हे केव्हा होईल याचा अंदाज न लागणे, अशा बिघाडाचे कारण हुडकण्याची रीत. ठरावीक कृतीनंतर होणारा बिघाड लवकर सापडतो. अवचित बिघाडात मात्र रॅम, वीजपुरवठा, उष्णता, प्रोसेसर, ड्रायव्हर असे पाचसहा संशयित एकदम समोर असतात आणि त्यांची लक्षणे एकमेकांत मिसळतात. आपल्याकडे अशा वेळी पहिला उपाय म्हणून ‘फॉरमॅट मारून’ विंडोज नव्याने टाकतात. तो पहिला नव्हे, शेवटचा उपाय असायला हवा. दोष हार्डवेअरमध्ये असेल तर फॉरमॅटने तो जात नाही. तोवर साठलेल्या नोंदी मात्र पुसल्या जातात.

मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी २०११ मध्ये सामान्य ग्राहकांच्या सुमारे १० लाख संगणकांच्या क्रॅश-नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध केला. हार्डवेअरमुळे एकदा क्रॅश झालेला संगणक पुन्हा क्रॅश होण्याची शक्यता ही मुळात पहिल्यांदा होण्याच्या शक्यतेच्या शंभरपटीपर्यंत असते, असे त्यात दिसले. तेव्हा ‘होतं असं कधी कधी’ म्हणून पहिला क्रॅश सोडून देण्यात अर्थ नसतो. ठरवलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने चालवलेले, म्हणजे ओव्हरक्लॉक केलेले, प्रोसेसर अधिक वेळा चुकतात, हेही त्यात स्पष्ट झाले. मायक्रोसॉफ्टमधील रेमंड चेन यांनी २००५ मध्येच याचा एक मासला लिहून ठेवला आहे. काही क्रॅश-अहवालांत, जिथे चुकायला जागाच नाही अशा साध्या सूचनेवर प्रोसेसर अडखळलेला दिसत होता. वापरणाऱ्यांकडे चौकशी केल्यावर त्यांतले बरेच संगणक ओव्हरक्लॉक केलेले निघाले. काहींना तर दुकानदाराने तसाच संगणक विकला होता आणि त्यांना त्याचा पत्ताही नव्हता.

नोंदी वाचणे : तपासाची सुरुवात विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरपासून करावी. तिथे ‘कर्नल-पॉवर ४१’ ही लाल नोंद दिसली की एसएमपीएस (संगणकाला वीज पुरवणारा डबा) गेला असा निष्कर्ष अनेक जण काढतात. वास्तविक ती नोंद पुढच्या वेळी संगणक सुरू होताना पडते आणि ‘मागच्या वेळी नीट बंद झालो नव्हतो’ एवढेच सांगते. उपयोगाचा असतो तो तिच्या तपशिलातला बगचेक क्रमांक, म्हणजे निळ्या पडद्यामागच्या चुकीचा क्रमांक. तो शून्य असेल तर विंडोजला निळा पडदा दाखवायलाही सवड मिळाली नाही, म्हणजे वीज तुटली, यंत्र पूर्ण थिजले किंवा कोणी बटण दाबून बंद केले. शून्य नसेल तर विंडोज फोल्डरमधल्या मिनीडम्पमध्ये बहुधा त्या क्षणाची फाइल सापडते. ‘व्हिआ लॉगर’च्या नोंदी दिसल्या तर प्रोसेसर, रॅम किंवा मदरबोर्डने स्वतःच चूक कळवली आहे, असे समजावे. ‘आपोआप रीस्टार्ट’ हा पर्याय सिस्टिमच्या सेटिंगमध्ये बंद केला की निळा पडदा टिकून राहतो आणि फोनवर त्याचा फोटो काढता येतो.

एकच एक प्रोग्रॅम बंद पडत असेल तर दोष त्या प्रोग्रॅमचा मानायला हरकत नाही. आज ब्राउझर, उद्या एक्सेल, परवा गेम असे चालले असेल तर रॅमकडे वळावे.

रॅम : मेमटेस्ट८६ हा क्रिस ब्रॅडी यांनी मुळात लिहिलेला प्रोग्रॅम पेनड्राइव्हवरून, विंडोजला बाजूला ठेवून चालतो. तो रात्रभर चालू द्यावा. एक चूक दिसली तरी निकाल नापासच. ‘हजारात एकच तर आहे’ हा हिशोब इथे चालत नाही. गूगलच्या सर्व्हरांवर झालेल्या २००९ मधील अभ्यासात, वर्षभरात सुमारे एकतृतीयांश यंत्रांवर मेमरीची निदान एक चूक नोंदली गेली; त्या चुकांमागे विश्वकिरणांसारख्या उडत्या कारणांपेक्षा कायमस्वरूपी दोषच मुख्यतः असावेत, असा संशोधकांचा निष्कर्ष होता. सर्व्हरच्या रॅममध्ये चूक दुरुस्त करणारी आणि नोंदवणारी सोय असते. घरच्या डेस्कटॉपमध्ये ती बहुधा नसते, म्हणून तिथली चूक थेट क्रॅश होऊन किंवा बिघडलेली फाइल होऊनच समोर येते.

चाचणीत चूक निघाली म्हणून लगेच नवी रॅम आणू नये. आधी बायोसमधील एक्सएमपी प्रोफाइल बंद करून पाहावे. खोक्यावर छापलेला वेग बहुधा याच प्रोफाइलमुळे मिळतो आणि इंटेलच्या लेखी तो ओव्हरक्लॉकिंगचाच प्रकार आहे. मग एकेक पट्टी, एकेका स्लॉटमध्ये लावून पाहावी. पट्टी चांगली आणि स्लॉट खराब असेही निघते. पट्टीच्या सोनेरी पायांवर खोडरबर फिरवण्याची आपल्या दुरुस्तीच्या दुकानांतली युक्ती टिंगलीचा विषय झाली असली, तरी कोकणातल्या दमट हवेत ती पुष्कळदा लागू पडते. रबराचा चुरा स्लॉटमध्ये जाऊ देऊ नये. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसणे अधिक चांगले. या उपायाने संगणक महिनाभर नीट चालून पुन्हा अडला, तर मात्र दोष पायांवरच्या मळाचा नव्हता.

वीजपुरवठा : संदेश न देता, वेग आधी न मंदावता, गेम किंवा व्हिडिओचे काम ऐन भरात असताना संगणक बंद होत असेल तर पहिला संशय एसएमपीएसवर. त्याच्या १२ व्होल्टच्या वाहिनीत ५ टक्के कमीजास्त चालते, म्हणजे ११.४ ते १२.६. मल्टिमीटर सरासरी दाखवतो, क्षणिक घसरण त्याला दिसत नाही. त्यामुळे मीटरवर आकडा बरोबर आला म्हणून एसएमपीएस निर्दोष ठरत नाही. चांगला ठाऊक असलेला दुसरा एसएमपीएस लावून पाहणे हीच खरी कसोटी. अलीकडची ग्राफिक्स कार्डे सेकंदाच्या अत्यल्प अंशापुरती सरासरीच्या दुप्पट वीज ओढू शकतात. २०२२ च्या एटीएक्स ३.० मानकात असे झटके सोसण्याची अट मुद्दाम घातली गेली. कॅबिनेटसोबत ‘फुकट’ मिळालेल्या एसएमपीएसवर छापलेल्या वॉटवर विसंबू नये.

भिंतीपलीकडची वीजही तपासावी. इमारतीचा पाण्याचा पंप सुरू होताना दिवे क्षणभर मंदावतात, त्याच क्षणी संगणक रीस्टार्ट होतो आणि घरातल्या कोणी या दोन गोष्टींचा संबंध लावलेला नसतो. हा प्रकार जुन्या सोसायट्यांत नवा नाही. यूपीएस आहे म्हणून निश्चिंत राहणेही बरे नव्हे. बॅटरी दमली असेल तर वीज जाताच तो मान टाकतो. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर अर्थिंग नाही. क्रॅशचे कारण ते असो वा नसो, इलेक्ट्रिशियनला बोलवावे.

जुना मदरबोर्ड असेल तर कपॅसिटरांची डोकी पाहावीत. साधारण १९९९ ते २००७ या काळात सदोष इलेक्ट्रोलाइटचे कपॅसिटर असंख्य बोर्डांवर बसले; ते फुगत, गळत आणि संगणक वाटेल तेव्हा बंद पडे. डेल कंपनीने २००५ मध्ये या प्रकरणापोटी ३० कोटी डॉलरचा खर्च दाखवला होता.

उष्णता : धूळ, वाळलेली थर्मल पेस्ट, थांबलेला पंखा. प्रोसेसर साधारण १०० अंश सेल्सिअसजवळ आधी वेग कमी करतो आणि तरीही भागले नाही तर बंद पडतो, म्हणून उष्णतेच्या बिघाडाला बहुधा मंदपणाची पूर्वसूचना असते.

प्रोसेसर : फार क्वचित दोषी, असे पूर्वी सांगितले जाई. इंटेलच्या १३ व्या व १४ व्या पिढीतील डेस्कटॉप प्रोसेसरांनी त्याला तडा दिला. गेम सुरू होताना ‘व्हिडिओ मेमरी संपली’ असा संदेश येई, लोक ग्राफिक्स कार्ड बदलत आणि बिघाड तसाच राही; प्रत्यक्षात प्रोसेसर दाबलेली माहिती उलगडताना चुकत होता. जास्त व्होल्टेज व तापमानामुळे आतील क्लॉकचे मंडल झिजते, असे इंटेलने २०२४ मध्ये जाहीर केले, बायोसमार्फत मायक्रोकोडच्या दुरुस्त्या दिल्या आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. एकदा झिजलेला प्रोसेसर या दुरुस्त्यांनी पूर्ववत होत नाही, तो बदलूनच घ्यावा लागतो. तेव्हा या पिढ्यांचा संगणक असेल तर बायोस अद्ययावत आहे का, हे सर्वांत आधी पाहावे.

ड्रायव्हर व डिस्क : क्रॅश नेमके कोणत्या दिवसापासून सुरू झाले हे विंडोजच्या रिलायबिलिटी मॉनिटरमध्ये तारखेनिशी दिसते. त्याच सुमाराला एखादा ड्रायव्हर किंवा अपडेट आला असेल तर तो मागे घ्यावा. संगणक काही सेकंद थिजून पुन्हा चालू लागत असेल तर डिस्कची स्मार्ट माहिती (डिस्कने स्वतःच्या प्रकृतीविषयी ठेवलेल्या नोंदी) वाचावी; साटा डिस्कमध्ये सीआरसी चुकांचा, म्हणजे माहितीची ने-आण होताना झालेल्या चुकांचा, आकडा वाढत असेल तर बहुधा डिस्क नव्हे, शंभर-दीडशे रुपयांची केबल खराब असते.

एका वेळी एकच बदल करावा आणि त्याची तारीख वहीत लिहावी. रॅम, एसएमपीएस आणि विंडोज एकाच दुपारी बदलले तर संगणक सुधारेलही, पण तिन्हींपैकी दोष कशात होता ते कळत नाही आणि दोन चांगले भाग कपाटात जातात. आठवड्यातून एकदा होणारा क्रॅश दोन दिवस झाला नाही, म्हणून दुरुस्ती झाली असे धरू नये. नेहमीच्या अंतराच्या तिप्पट-चौपट काळ वाट पाहावी. मुंबईत लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारांतून सुटे भाग आणून जोडलेल्या संगणकाच्या प्रत्येक भागाची वॉरंटी वेगळी असते, आणि भाग बदलून मागताना ही वही, मिनीडम्पच्या फाइली आणि मेमटेस्टच्या लाल ओळींचा फोटो बिलासोबत दाखवता येतात.