हवेचे विरजण

ब्रसेल्स शहराला स्वतःची अशी एक नदी आहे, पण शहराच्या मध्यभागी ती कोणाला दिसत नाही. तिचे नाव सेन. १८६६ साली शहरात पटकीची साथ आली. त्यानंतर १८६७ ते १८७१ या काळात कारभाऱ्यांनी त्या घाण झालेल्या नदीवर कमानी बांधल्या, तिला जमिनीखाली घातले आणि वर रुंद रस्ते काढले. नदी बुजली, तिच्या खोऱ्यातली हवा मात्र कोणाला बुजवता आली नाही. त्या हवेने आंबणारी एक बिअर त्या शहरात आजही तयार होते. तिचे नाव लांबिक. फराळाच्या ताटाशेजारी बिअरची कथा कशाला, असे एखादे वडीलधारे विचारतील. त्यांना एवढेच सांगतो, की ही कथा नशेची नाही, विरजणाची आहे.

दही लावायचे तर घरात कालचे दही हवे. नसेल तर आपण वाटी घेऊन शेजारी जातो. जगातल्या बहुतेक बिअरचेही असेच आहे. सातूला मोड आणायचे, ते वाळवून भरडायचे, गरम पाण्यात मुरवून गोड रस काढायचा, हॉप नावाच्या वेलीची फुले घालून तो उकळायचा आणि निवल्यावर त्यात यीस्टचे विरजण घालायचे. हे विरजण म्हणजे नेमके काय, हे बिअर करणाऱ्यांना हजारो वर्षे ठाऊक नव्हते. लुई पाश्चरने १८७६ साली बिअरवर एक ग्रंथच प्रसिद्ध केला आणि परक्या सूक्ष्म जंतूंमुळे बिअर बिघडते हे त्यात दाखवून दिले. १८८३ साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल ख्रिश्चन हान्सेन याने यीस्टची एकच शुद्ध जात वेगळी काढली. झाले! शहाण्या कारखानदारांनी दारे-खिडक्या लावून घेतल्या, भांडी घासली आणि विरजण प्रयोगशाळेतून मागवायला सुरुवात केली.

लांबिकवाल्यांनी मात्र छपराचे झरोके उघडेच ठेवले.

हा सारा प्रकार मी पाहिला तो ब्रसेल्सच्या आंडरलेख्त भागात, कांतियों यांच्या कारखान्यात. कारखाना हा शब्दही मोठाच म्हणायचा; आपल्याकडच्या एखाद्या जुन्या वखारीसारखी ती जागा आहे. लाकडी जिने, कुबट गारवा आणि ओळीने रचलेली पिंपे. माळ्यावर एक अजस्र तांब्याची परात आहे. रुंद, उथळ, सुमारे ७,५०० लिटर मावतील एवढी. दोन भाग मोड आणलेला सातू आणि एक भाग कच्चा गहू यांचा रस काही तास उकळून संध्याकाळी या परातीत सोडतात आणि रात्रभर तसाच उघडा ठेवतात. विरजण कोणी घालत नाही. झरोक्यांतून वारा येतो. त्या वाऱ्याबरोबर आणि त्या जुन्या लाकडांतून जे जीव येतील तेच विरजण. हॉपची फुलेही येथे ताजी चालत नाहीत. दोन-तीन वर्षे ठेवून कडवटपणा गेलेली फुले घालतात. कारण हवा आहे ती त्यांची टिकवण्याची शक्ती, चव नव्हे. सकाळी तो रस पिंपांत भरतात. काही दिवसांत पिंपे उतू जाऊ लागतात, आणि फेस ओसरेपर्यंत कोणी त्यांना बूच मारत नाही.

मला सर्वांत मौज वाटली ती कोळ्यांची. पिंपांवरची जाळी तेथे कोणी झाडत नाही. आंबलेल्या रसावर चिलटे येतात आणि कोळी ती खातात. औषध फवारले तर चिलटांबरोबर ज्यांच्या भरवशावर धंदा चालतो ते अदृश्य कारागीरही मरायचे! आमच्या घरची बायामाणसे दिवाळीआधी हातात केरसुणी घेऊन येथे आली असती, तर एका दुपारी शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास झाडून निघाला असता.

चवीचे सांगायचे तर पहिला पेला नुसत्या लांबिकचा होता. त्यात फेस नाही, गोडी नाही. पहिल्या घोटाला दात आंबले. उन्हे चढल्यावर ताडीला येतो तो आंबूसपणा, आणि मागे ओल्या लाकडाचा वास. दुसरा पेला ग्यूझचा. एक, दोन आणि तीन वर्षे पिंपात मुरलेल्या लांबिकचे हे मिश्रण. तरुण लांबिकमध्ये थोडी साखर उरलेली असते. ती बाटलीत पुन्हा आंबते आणि फेस येतो. म्हातारे लांबिक चव देते. नातवाचा उत्साह आणि आजोबांचा अनुभव एका घरात नांदावा, तसेच काहीसे. तिसरा पेला क्रीकचा. त्यात आंबट चेरीची फळे महिनोन्महिने भिजलेली असतात. रंग कोकमाच्या सरबताचा आणि चवही त्याच्या फार दूरची नाही. यातला एकही पेला पहिल्या घोटाला आवडेल असे मी म्हणणार नाही. पण तिसऱ्या घोटानंतर बाजारातली नेहमीची बिअर सपक वाटू लागते, हे खरे.

या घराण्याचा आरंभ १९०० साली झाला. पॉल कांतियों हा तेव्हा दुसऱ्यांकडून लांबिक विकत घेऊन तिचे मिश्रण करून विकत असे. त्या वेळी बेल्जियमात बिअरचे तीन हजारांहून अधिक कारखाने होते. पहिल्या महायुद्धात जर्मनांनी ठिकठिकाणची तांब्याची भांडी उचलून नेली आणि अनेक भट्ट्या पुन्हा पेटल्याच नाहीत. १९३० च्या दशकाच्या अखेरीस पॉलच्या मुलांनी, रोबेर आणि मार्सेल यांनी, बंद पडलेल्या एका कारखान्याचे सामान विकत घेतले आणि स्वतः लांबिक बनवायला घेतले, तोच दुसरे महायुद्ध उभे राहिले. युद्ध संपले तेव्हा लोकांच्या जिभेला गोड सरबतांची आणि स्वच्छ, पिवळ्या पिल्सची चटक लागलेली होती. कित्येक ग्यूझवाल्यांनी आपल्या मालात साखर घालून दिवस काढले. कित्येकांनी दुकान बंद केले.

मार्सेलचा जावई ज्याँ-पिएर व्हान रॉय याने दोन्ही वाटा नाकारल्या. साखर घालायची नाही आणि दारही लावायचे नाही! १९७८ साली त्याने चालत्या कारखान्याचेच वस्तुसंग्रहालय केले आणि लोकांना आत बोलावले. वस्तुसंग्रहालयात जाऊन पडायचे नसेल, तर आपणच वस्तुसंग्रहालय व्हावे, ही युक्ती मला मोठी शहाणपणाची वाटली. ती साधली. पुढे मुलगा ज्याँ याने काम हाती घेतले. १९९७ साली युरोपीय संघाने ‘जुनी ग्यूझ’ या नावाला संरक्षण दिले आणि २०१६ साली बेल्जियमच्या बिअर-संस्कृतीची युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत नोंद झाली. शास्त्रानेही थोडे नमते घेतले म्हणायचे. शुद्ध यीस्ट ज्या कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेत निघाले, तेथेच १९०४ साली क्लाउसेन याने इंग्रजी बिअरमधल्या एका रानटी यीस्टला ब्रेटानोमायसेस हे नाव दिले. लांबिकला तिचा खास वास देणारी त्याच कुळातली जात आज ब्रसेल्सच्या नावाने ओळखली जाते.

गिऱ्हाईक परत आले, कायदा पाठीशी आला, मान मिळाला. आता धास्ती आहे ती वेगळीच. रस रात्रीतून निवायचा तर रात्र थंड हवी. उष्ण हवेत नको ते जंतू आधी माजतात. म्हणून हे काम ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंतच चालते. २०१५ च्या नोव्हेंबरात ब्रसेल्सच्या रात्री इतक्या उबदार होत्या, की कांतियोंना काम थांबवावे लागले. या घराण्याने दोन युद्धे सोसली, गोड चवीची लाटही सोसली. त्या संकटांना निदान माणसाच्या हट्टाने तोंड देता आले. येथे हट्ट करायचा कोणापाशी? दह्याचे विरजण संपले तर वाटी घेऊन शेजारी जाता येते. हवाच बदलली तर वाटी घेऊन कोणाच्या दारी जायचे?