पिलांचें रडणें

गेल्या आषाढांत रत्नागिरीस आमच्या शेजारच्या पडवींत एक बेवारशी कुत्री व्याली. रात्रभर पिलांचें कुईंकुईं चालू होतें. सकाळीं घरांतील वृद्ध बाई म्हणाल्या, "हें रडणें बरें नव्हे; पिलें पऱ्ह्यापलीकडे टाकून या."

बाईंच्या या समजुतीस मोठा इतिहास आहे. सहाव्या शतकांतील वराहमिहिरानें बृहत्संहितेंत कुत्र्याच्या शकुनांस स्वतंत्र अध्यायच दिला आहे. कुत्रा कोणत्या वेळीं, कोणत्या दिशेस तोंड करून ओरडला म्हणजे गांवावर काय ओढवेल, याचा तेथें निवाडा आहे. कुत्र्यास स्वतःस काय होत आहे, हा प्रश्न मात्र उद्भवतच नाहीं.

महाभारतांत तो विचारला गेला आहे. आदिपर्वांत जनमेजयाच्या सत्राच्या ठिकाणीं सरमेचा पुत्र गेला असतां राजाच्या भावांनीं त्यास मारलें. तो रडत आईकडे आला. 'कां रडतोस, कोणीं मारलें?' हें तिनें प्रथम विचारलें. पुढें 'तूंच कांहीं अपराध केला असशील' असेंही म्हटलें. त्यानें हविष्यास तोंड लावलें नव्हतें, त्याकडे पाहिलेंही नव्हतें. हें ऐकल्यावर मग ती राजाकडे गेली. शाप सर्वांस आठवतो. त्याआधींची ही चौकशी मला अधिक मोलाची वाटते.

शास्त्रानें हा प्रश्न फार उशिरां हातीं घेतला. डार्विननें १८७२ सालीं प्राण्यांच्या भावनांवरील ग्रंथांत कुत्र्यांचा विचार केला. अमेरिकेंत स्कॉट व फुलर यांनीं पुष्कळ वर्षें पिलें वाढवून आपलीं निरीक्षणें १९६५ सालीं प्रसिद्ध केलीं. पिलाचे डोळे सुमारें दोन आठवड्यांनीं उघडतात, कान त्याहूनही मागाहून. म्हणजे जन्मल्यावर कित्येक दिवस तें जी हांक मारतें ती त्यास स्वतःस ऐकूं येत नाहीं! अंगांतली ऊब राखण्याचें सामर्थ्यही त्यास नसतें. थंडी, भूक, वेदना, आईपासून ताटातूट, यांपैकीं कांहीं झालें कीं तें ओरडतें. ऊब व दूध मिळालें कीं निवतें. परंतु फार गारठलेलें पिलूं ओरडणेंच सोडतें. अपशकुन टळला असें घरच्यांस वाटावें, तोंच पिलूं मरणाच्या दारीं असावें!

आम्ही पडवींत जाऊन पाहिलें. चार पिलें आईच्या कुशींत होतीं. पांचवें घरंगळून पागोळ्यांखालीं भिजत पडलें होतें. त्याचा आवाज क्षीण झाला होता. त्यास पुसून, छातीशीं धरून ऊब दिली, कोरडें गोणपाट घातलें आणि आईजवळ सरकविलें. घटकाभरानें तें चुरुचुरु पिऊं लागलें. दुपारीं बाई स्वतःच कुत्रीसाठीं वाडगाभर पेज घेऊन आल्या.