चिकनगुनियानंतरचे चेताविकार : प्रौढांतील लक्षणे, निदान आणि उपचार

चेन्नई : चिकनगुनियाचा ताप उतरल्यानंतर बहुतेक रुग्णांना सतावते ती सांधेदुखी. मात्र थोड्या रुग्णांत हा विषाणू किंवा त्याच्याविरुद्ध जागी झालेली प्रतिकारशक्ती मेंदू, मज्जारज्जू आणि हातापायांच्या चेतांनाही इजा करते. पायांतील मुंग्या वा अशक्तपणा हा तापानंतरचा नेहमीचा थकवा समजला गेला, तर उपचारांचे मोलाचे दिवस हातचे जातात. त्यामुळे या रोगाच्या साथी वारंवार अनुभवलेल्या शहरांत ही लक्षणे ओळखणे महत्त्वाचे ठरते.

साथींचा इतिहास

चिकनगुनियाचा रोग प्रथम १९५२ मध्ये तत्कालीन टांगानिका, म्हणजे आजच्या टांझानियात आढळला. रुग्णाला वाकवून टाकणारा, अशा अर्थाच्या माकोंडे भाषेतील शब्दावरून त्याला नाव मिळाले. भारतात १९६३ मध्ये कलकत्त्यात, १९६४ मध्ये मद्रास व वेल्लोर येथे, १९६५ मध्ये नागपुरात आणि १९७३ मध्ये सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे त्याच्या साथी आल्या. कलकत्त्याच्या साथीच्या काळातच चेतासंस्थेच्या तक्रारी असलेल्या रुग्णांची विषाणूशास्त्रीय तपासणी झाली होती.

त्यानंतर सुमारे तीन दशके हा रोग विस्मृतीत गेला. २००५ च्या अखेरीस तो परतला आणि २००६ मध्ये देशात सुमारे १३.९ लाख संशयित रुग्णांची नोंद झाली. आंध्र प्रदेश, कर्नाटक, महाराष्ट्र आणि तामिळनाडू या राज्यांना त्याची मोठी झळ बसली. पूर्वीच्या साथींमागे विषाणूचा आशियाई प्रकार होता. या वेळी आफ्रिकेतून पसरलेला प्रकार आढळला.

प्रमाण किती?

२००६ च्या साथीत नागपूरच्या सेंट्रल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल सायन्सेस या संस्थेत पाहिलेल्या ३०० चिकनगुनिया रुग्णांपैकी ४९ जणांमध्ये चेतासंस्थेची गुंतागुंत दिसली. त्यांतील २७ जणांना मेंदूज्वर होता; उर्वरितांत मज्जारज्जू, परिघीय चेता किंवा दोन्ही बाधित झाल्याचे प्रमाण अधिक होते.

मात्र हे आकडे रुग्णालयात आलेल्यांचे आहेत. चेताविकारांवर उपचार करणाऱ्या संस्थेत गंभीर रुग्णच अधिक येतात, त्यामुळे तेथील प्रमाण संपूर्ण समाजाला लावता येत नाही. हिंदी महासागरातील रियुनियन बेटावर २००५-०६ मध्ये एक तृतीयांश लोकसंख्येला संसर्ग झाला. तेथील अभ्यासात चिकनगुनियाजन्य मेंदूज्वराचे प्रमाण लाखामागे ८.६ इतके आढळले. अर्भके आणि ६५ वर्षांवरील व्यक्तींत ते कितीतरी जास्त होते.

विकारांचे प्रकार

मेंदूज्वर बहुधा तापाच्या पहिल्या काही दिवसांतच उद्भवतो. गोंधळलेपणा, असंबद्ध बोलणे, झटके आणि गुंगी ही त्याची लक्षणे होत. मज्जारज्जूला सूज आल्यास दोन्ही पाय लुळे पडणे, कमरेखालची संवेदना कमी होणे आणि लघवी अडणे असे त्रास होतात. दृष्टिचेतेला सूज आल्यास नजर अचानक मंदावते. असे रुग्ण दक्षिण भारतातील नेत्ररुग्णालयांत २००६ च्या साथीनंतर नोंदले गेले. मनगटातील स्नायुबंधांच्या आवरणांना सूज येऊन तेथील चेता दाबली गेल्यास बोटांना मुंग्या येतात. हा त्रास तुलनेने सौम्य असतो.

सर्वाधिक सावधगिरी लागते ती गुलेन-बॅरे सिंड्रोम, अर्थात जीबीएसच्या बाबतीत. २०२५ च्या प्रारंभी पुण्यातील उद्रेकामुळे हे नाव महाराष्ट्रात परिचित झाले. तेथे दूषित पाण्यातील जिवाणूंकडे निर्देश होता. चिकनगुनिया, डेंग्यू आणि झिका या विषाणूंच्या संसर्गानंतरही तोच विकार होऊ शकतो. जीबीएस स्वतः संसर्गजन्य नाही. संसर्गाशी लढण्यासाठी तयार झालेली प्रतिकारशक्ती चुकून चेतांवरील मायलिन आवरणावर किंवा चेतातंतूंवर हल्ला करते. त्यामुळे ताप उतरून काही दिवस ते चार आठवडे लोटल्यावर पायांतून वर चढत जाणारा अशक्तपणा सुरू होतो.

निदान

चिकनगुनियाच्या पहिल्या आठवड्यात आरटी-पीसीआर चाचणीने विषाणू सापडतो. त्यानंतर रक्तातील आयजीएम प्रतिपिंडांची एलायझा चाचणी उपयोगी पडते. या चाचणीचे संच पुण्याची राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्था देशभरातील निवडक रुग्णालयांना पुरवते. चेताविकाराचा संशय असल्यास चेतावहन चाचणी, एमआरआय आणि पाठीतून काढलेल्या मेंदूजलाची तपासणी केली जाते. जीबीएसमध्ये या द्रवात प्रथिने वाढलेली, पण पेशी जवळपास सामान्य असतात. डेंग्यूत रक्तातील पोटॅशियम घटूनही हातपाय लुळे पडू शकतात. ते वेळीच भरून काढल्यास रुग्ण लवकर सावरतो. म्हणून ही साधी तपासणीही आवश्यक ठरते.

उपचार

चिकनगुनियावर विशिष्ट विषाणूरोधक औषध नाही. विश्रांती, पुरेसे पाणी आणि पॅरासिटामॉल यांवर भर असतो. डेंग्यूची शक्यता वगळेपर्यंत ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन घेणे रक्तस्रावाच्या दृष्टीने धोक्याचे असते.

जीबीएससाठी शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन देणे किंवा रक्तद्रव बदलणे, हे दोन्ही उपचार सारखेच परिणामकारक आहेत. इम्युनोग्लोब्युलिन साधारणतः पाच दिवस दिले जाते. अशक्तपणा सुरू झाल्यापासून पहिल्या दोन आठवड्यांत उपचार झाल्यास लाभ अधिक होतो. केवळ स्टिरॉइडचा जीबीएसमध्ये उपयोग होत नाही. सुमारे पाचातील एका ते चारातील एका रुग्णाला कृत्रिम श्वसनयंत्र लागते. बहुतेक जण पुन्हा चालू लागतात, मात्र त्यासाठी अनेक महिन्यांचा व्यायामोपचार लागू शकतो.

जिना चढताना पाय न उचलणे, चेहरा वाकडा होणे, गिळताना ठसका लागणे, धाप लागणे, लघवी अडणे, नजर मंदावणे किंवा वागण्यात गोंधळ दिसणे, यांपैकी काहीही आढळल्यास रुग्णाला त्याच दिवशी अतिदक्षता विभाग असलेल्या रुग्णालयात न्यावे.

प्रतिबंध

हा रोग पसरवणारा एडिस डास घरातील स्वच्छ, साठलेल्या पाण्यात वाढतो आणि प्रामुख्याने दिवसा चावतो. चेन्नईत पाणीटंचाईमुळे पिंप, हंडे आणि गच्चीवरील टाक्यांत पाणी साठवण्याची सवय जुनी आहे. अंड्यातून डास तयार व्हायला साधारणतः सात ते दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एकदा भांडी रिकामी करून कोरडी ठेवली, तर हे चक्र तुटते. कोरड्या भांड्याच्या कडेला चिकटलेली अंडी काही महिने तग धरतात. त्यामुळे भांडी नुसती उपडी न करता आतून घासणे गरजेचे आहे.