सेतुमाधवराव पगडी यांचे भाषाभ्यास व अनुवादकार्य : मराठवाड्याच्या इतिहासलेखनाच्या संदर्भात

मराठवाड्याच्या इतिहासाची साधने मराठवाड्याच्या भाषेत नाहीत, ही अभ्यासकाची पहिली अडचण होय. आजचा जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. हा मुलूख आधी मोगलांच्या व नंतर निजामाच्या अमलाखाली होता. हैदराबाद संस्थानात १८८४ पर्यंत दप्तराची भाषा फारसी व त्यानंतर उर्दू होती. गावात बोलली जाणारी मराठी मात्र दप्तराबाहेर राहिली. इनाम जमिनीच्या वादात आजही ‘मुंतखब’, ‘मदतमाश’, ‘खिदमतमाश’ हे शब्द समोर येतात आणि त्यांचा अर्थ लावणारा माणूस शोधावा लागतो. अशा प्रदेशात अनुवादकाचे काम केवळ वाङ्मयीन राहत नाही. या दृष्टीने सेतुमाधवराव पगडी (१९१०–१९९४) यांच्या कार्याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पगडी यांचा जन्म निलंगा येथे झाला. शिक्षणानंतर ते हैदराबाद संस्थानच्या मुलकी सेवेत दाखल झाले. विद्यापीठातील अध्यापकाचे स्वास्थ्य त्यांना लाभले नाही. त्यांचा व्यासंग सरकारी नोकरी सांभाळून झालेला आहे, हे त्यांच्या ग्रंथांची संख्या पाहताना विसरता कामा नये.

त्यांच्या भाषाभ्यासाचा सर्वांत कमी चर्चिला गेलेला भाग आदिलाबादशी निगडित आहे. १९४० मध्ये कुमरम भीम यांच्या नेतृत्वाखाली गोंडांनी उठाव केला. त्यानंतर संस्थानाला आदिवासींच्या प्रश्नांकडे लक्ष देणे भाग पडले. मानववंशशास्त्रज्ञ हैमेनडॉर्फ यांच्या पुढाकाराने मारलवाई येथे गोंड शिक्षकांचे प्रशिक्षण सुरू झाले व गोंडी वाचनपाठ देवनागरीत छापले गेले. याच भागात अधिकारी म्हणून काम करताना पगडी गोंडी व कोलामी शिकले. ज्या लोकांची गाऱ्हाणी ऐकायची त्यांची भाषा दुभाष्याकडून ऐकायची नाही, हा त्यामागचा साधा विचार दिसतो. त्यातून गोंडी व कोलामी या दोन्ही भाषांची व्याकरणे त्यांच्या हातून लिहून झाली. कोलामीचे व्याकरण १९५० मध्ये प्रसिद्ध झाले. कोलामीत दोन ते चार या संख्यांसाठी पुरुष, स्त्रिया आणि मानवेतर वस्तू यांना वेगवेगळी रूपे आहेत. अशी भाषा कचेरीच्या फुरसतीत टिपून घेणे हे सोपे काम नव्हे. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ एमेनो यांचा कोलामीवरील ग्रंथ १९५५ मध्ये निघाला. तो वर्धा भागातील बोलीवर आधारलेला असून आदिलाबादच्या बोलीसाठी त्यांनी पगडींच्या सामग्रीचा उपयोग केला. द्राविडी भाषांच्या व्युत्पत्तिकोशातही पगडींच्या नोंदी आहेत. मराठी वाचकाला मात्र ते इतिहासकार म्हणूनच माहीत आहेत.

अनुवादक म्हणून त्यांनी भीमसेन सक्सेना याच्या ‘तारीखे दिलकुशा’चे मराठी रूप ‘मोगल आणि मराठे’ या नावाने सिद्ध केले. औरंगजेबाच्या दरबारातील दैनंदिन अखबारांचे भाषांतर ‘मोगल दरबाराची बातमीपत्रे’ या खंडांतून आले. या अखबारांत कोणास मनसब मिळाली, कोणत्या किल्ल्यावरून काय वार्ता आली, अशा कोरड्या नोंदी असतात. पगडींची भाषाही तशीच कोरडी आहे. मूळ लेखक मराठ्यांविषयी कडवट शब्द वापरतो तेथे त्याला गोड करण्याचा मोह टाळणे अनुवादकाला आवश्यक असते. शत्रूची भाषा सौम्य केली की साधन निरुपयोगी होते.

याचे महत्त्व जालन्याच्याच उदाहरणावरून कळते. शिवाजी महाराजांनी नोव्हेंबर १६७९ मध्ये जालना लुटले. सभासदाची बखर लुटीचे वर्णन करते. खाफीखान मात्र जान महंमद या फकिराच्या आश्रयाला गेलेल्या धनिकांची हकीकत देऊन, एप्रिल १६८० मधील महाराजांच्या निधनाचा संबंध त्या फकिराच्या शापाशी जोडतो. शाप हा इतिहासाचा पुरावा नव्हे, हे उघड आहे. तथापि मोगल पक्षातील लोकांना ही घटना कशी दिसली, याचा तो पुरावा निश्चितच आहे. फारसी न जाणणाऱ्याला एकतर ही कथा ऐकीव स्वरूपात मिळते, नाहीतर ती मुळीच मिळत नाही. दोन्हीपैकी पहिली गोष्ट अधिक घातक, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

पगडींनी गालिबच्या उर्दू गझलांचा परिचय मराठीत करून दिला आणि सूफी संप्रदायावरही ग्रंथ लिहिला. महाराष्ट्र राज्य गॅझेटिअर्सचे ते संपादक होते. १९९२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. ‘जीवनसेतू’ हे त्यांचे आत्मचरित्र या साऱ्या उद्योगांची पार्श्वभूमी समजण्यास उपयुक्त आहे.

मराठवाड्यातील महाविद्यालयांत इतिहासाचे विद्यार्थी पगडींचे अनुवाद संदर्भ म्हणून वापरतात. मूळ फारसी पाठाशी ते ताडून पाहण्यासाठी मात्र फारसी यावी लागते, आणि शिकस्ता वळणाची हस्तलिखिते वाचणे हे त्याहून अवघड. जिल्ह्यातील जुन्या घराण्यांकडील फारसी व मोडी कागदांची सूची तयार करताना या दोन्ही लिप्यांचे जाणकार एकत्र बसविणे, हे काम प्रथम हाती घ्यावे लागेल.