यादीतली तांबडी ओळ

प्रगतिपुस्तकात पस्तीसपेक्षा कमी गुण पडले की त्या आकड्याखाली लाल रेघ यायची. रेघ ओढणाऱ्या मास्तरांच्या मनात एक अट असे आणि हातात लाल शाईचं पेन. अट आणि शाई यांची ही जोडी संगणकाच्या पडद्यावर रुळायला मात्र बराच काळ गेला. न वाचलेली ई-मेल ठळक अक्षरांत दिसते, तेव्हा आपल्याला त्यात काही विशेष वाटत नाही. पण त्यासाठी प्रोग्रॅमरांनी पुष्कळ घाम गाळला आहे.

१९९० साली विंडोज ३.० आलं. त्यातल्या यादीच्या चौकटीत, म्हणजे लिस्ट बॉक्समध्ये, सगळ्या ओळी एकाच रंगाच्या आणि एकाच टाइपातल्या. एखादी ओळ वेगळी हवी असेल, तर ‘ओनर ड्रॉ’ नावाचा मार्ग होता. विंडोज प्रत्येक ओळीच्या वेळी प्रोग्रॅमला हाक मारणार, ‘ही ओळ आता तूच रंगव’. मग पार्श्वभूमीपासून अक्षरांपर्यंत सगळं प्रोग्रॅमने काढायचं. निवडलेली ओळ उठून दिसावी, हेही त्याच्याच गळ्यात. १९९५ च्या डेल्फीने हे काम पुष्कळ सोपं केलं. तरी अट आणि रंगकाम एकाच कोडमध्ये गुंतलेलंच राहिलं.

खरं तर सुटकेची वाट आधीच दिसली होती. १९७९ साली कॅलिफोर्नियातल्या झेरॉक्स पार्क प्रयोगशाळेत ट्रिग्वे रीन्स्काऊग या नॉर्वेजियन शास्त्रज्ञाने माहिती एकीकडे आणि तिचं दिसणं दुसरीकडे, अशी फारकत सुचवली होती. सर्वसामान्य माणसाच्या हाती मात्र अट आली ती एक्सेल ९७ मध्ये. ‘कंडिशनल फॉरमॅटिंग’ची सोय झाली आणि अट लिहिण्याचा अधिकार प्रोग्रॅमरकडून हिशेबनिसाकडे गेला. एका घराला जास्तीत जास्त तीन अटी लावता येत. माझ्या मते या कथेतलं सर्वांत मोठं पाऊल हेच.

इतर प्रोग्रॅमांच्या याद्यांसाठी मायक्रोसॉफ्टने नोव्हेंबर २००६ मध्ये डब्ल्यूपीएफ ही पद्धत आणली. तिच्यात ‘ट्रिगर’ लिहायचा: मुदत संपलेली असेल, तर ओळ तांबडी. रंगवायचं कसं हे सांगायचं नाही, फक्त नियम सांगायचा. गंमत अशी, की या ट्रिगरला ‘बरोबर’ एवढंच कळे. ‘पस्तीसपेक्षा कमी’ ही मास्तरांची साधी अट थेट लिहिता येत नसे, त्यासाठी वेगळा मदतनीस कोड लागे. एकाआड एक पट्टा फिकट हिरवा असलेला छपाईचा कागद जुन्या संगणक केंद्रांत सर्रास असे. तशा पट्ट्यांची तयार सोय डब्ल्यूपीएफमध्ये यायला ऑगस्ट २००८ उजाडला.

त्याच आवृत्तीत आणखी एक काटकसर आली. औषधांच्या दुकानातली हजार नावांची यादी घ्या. पडद्यावर मावतात तीसेक. वर सरकून दिसेनाशा झालेल्या ओळींच्या चौकटी संगणक खाली येणाऱ्या नव्या नावांसाठी पुन्हा वापरतो. आता प्रोग्रॅमरने घाईत एखादी चौकट हाताने तांबडी केली असेल, तर तिच्यात दुसरं औषध आल्यावरही तांबडा रंग तसाच राहतो. चांगलं औषध मुदतबाह्य दिसतं. उलटही होतं, मुदत संपलेलं औषध पांढऱ्या ओळीत निमूट बसून राहतं. रंग चौकटीला न लावता औषधाच्या तारखेला बांधला, म्हणजेच नियम म्हणून लिहिला, तर ही चूक टळते.

आणि तांबडा रंग सगळ्यांना दिसतो कुठे? उत्तर युरोपीय वंशाच्या दर बारा पुरुषांतल्या सुमारे एकाला लाल-हिरव्यातला फरक नीट कळत नाही. आपल्याकडेही असे लोक पुष्कळ आहेत. केवळ रंगावर विसंबू नका, असं वेबपानांसाठीच्या मार्गदर्शक तत्त्वांनी १९९९ मध्येच बजावलं होतं. एक्सेल २००७ ने तीन अटींची मर्यादा काढली आणि जोडीला छोटी चिन्हंही दिली. त्यातल्या एका संचात हिरवं वर्तुळ, पिवळा त्रिकोण आणि लाल चौकट असे वेगवेगळे आकार आहेत. दुसऱ्या एका संचात मात्र सिग्नलच्या दिव्यांसारखी तीन सारखीच वर्तुळं आहेत, फरक तेवढा रंगाचा.